रेवदंड्याहून चेमुलला

अलिबागहून निघालेली एसटी आक्षी, नागाव, चौल अशी वाड्यांच्या सावलीतून येते आणि रेवदंड्यात शिरताना किल्ल्याच्या तटातून आत घुसते. कंडक्टर घंटी मारतो, तुम्ही उतरता. समोर रसवंती, मोबाइल रिचार्जचं दुकान, वडापावची गाडी. मागे माडांच्याही वर डोकं काढून उभा असलेला दगडी मनोरा. गावात त्याला सातखणी म्हणतात. सात मजल्यांतले चार उरले आहेत. पायथ्याशी गंजलेल्या तोफा पडून आहेत आणि शेजारच्या वाडीत सुपारी वाळत घातली आहे.

तुम्हाला या गावाचा इतिहास लिहायचा आहे. ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेसाठी म्हणा, शाळेच्या प्रकल्पासाठी म्हणा, नाहीतर नुसतीच हौस. चौल आणि रेवदंडा हे खरं तर एकाच बंदराचे दोन भाग; एक वरचा, एक कुंडलिकेच्या मुखाशी, खालचा. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी चौलला खणलं तेव्हा सातवाहन काळापर्यंतचे थर हाती लागले. खणताना वरचा थर ताजा आणि खालचा जुना, म्हणून तुम्हीही तसेच उतरा. वाटेत प्रत्येक मुक्कामी एकच प्रश्न विचारायचा: हे कोणी लिहून ठेवलं?

1876

कोट-टोपीतले एक गृहस्थ वाडीतून चालले आहेत. तुम्ही त्यांच्या मागे आहात. हे डॉ. जेर्सन द कुन्हा, मूळचे गोव्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे, जुनी नाणी आणि शिलालेख यांचं वेड असलेले. चौल आणि वसईच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक याच वर्षी मुंबईत छापलं गेलं आहे.

पायाखाली पाटाचं पाणी वाहतंय. रहाटाची कुरकूर ऐकू येते आणि बैल डोळ्यांवर झापडं बांधून गोल फिरतोय. वाडीवाला कोयत्याने वेल तोडतो, मातीत निम्मी रुतलेली एक शिळा उघडी पडते. वर ढाल, खाली पोर्तुगीज अक्षरं. द कुन्हा गुडघ्यावर बसून अक्षरांतली माती बोटाने काढतात. वाडीवाल्याला त्याचं विशेष काही वाटत नाही. असले दगड त्याच्या आजोबांनी विहिरीच्या काठाला बसवले, गोठ्याच्या उंबऱ्याला लावले. दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज शहराची देवळं, मठ, हवेल्या आता नारळ-सुपारीखाली आहेत आणि वाडीवाल्यांनी त्यातला कामाचा दगड तेवढा उचलला आहे.

सात वर्षांनी, 1883 साली, कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर निघेल. त्यात व्हाइसरॉय आणि कप्तान नावानिशी येतील, तटाची लांबी येईल, बंदरातली आयात-निर्यात येईल. वेल तोडून वाट दाखवणाऱ्याचं नाव अशा पुस्तकांत सहसा येत नाही. आजही रेवदंड्यावर काही लिहायचं तर पहिला आधार याच दोन ग्रंथांचा घ्यावा लागतो. म्हणजे तुमच्या गावाकडे तुम्ही बघता ते एका मुंबईकर डॉक्टरच्या आणि इंग्रज सरकारच्या नजरेतून. नजर तीक्ष्ण आहे, यात वाद नाही. पण ती पाहुण्याची आहे.

1740

आता त्या वाड्यांच्या जागी रस्ते आहेत, दुमजली घरं आहेत, आणि सगळीकडे निघायची घाई आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. उत्तरेचा आधार तुटल्यावर एकटं चौल राखणं पोर्तुगीजांच्या हातात उरलेलं नाही. खुद्द गोव्याच्या उंबरठ्यावर मराठी फौजा आहेत. मुंबईचे इंग्रज मध्यस्थ झाले, कॅप्टन इंचबर्डने वाटाघाटी केल्या आणि गोव्यातला मुलूख सोडवून घेण्यासाठी पोर्तुगीजांनी चौल आणि खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला देऊन टाकला.

तुम्ही समुद्राकडच्या दरवाजात उभे आहात. शिपाई, पाद्री, फिदाल्गो म्हणजे उमराव घराणी, सगळ्यांची तोंडं गोव्याकडे. पेट्या होडीत चढतात. एक बाई कोंबड्यांची डालगी सोडायला तयार नाही आणि नावाडी तिच्यावर ओरडतोय. पण गर्दी नीट बघा. तिच्यात दोन जाती आहेत: ज्यांना गोव्यात घर आहे ते, आणि ज्यांचं जे काही आहे ते इथेच आहे ते. हे दुसरे लोक, बाटून ख्रिस्ती झालेले इथलेच शेतकरी, मजूर, शिपाईगडी, गोव्याला जात नाहीत. ते खाडी ओलांडून कोर्लईला राहतात.

त्यांचे वंशज अजून तिथेच आहेत. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत आजही पोर्तुगीजमधून घडलेली, मराठीत मुरलेली एक बोली घराघरांत बोलली जाते. गावातले लोक तिला नोलिंग म्हणतात आणि जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तिच्यासाठी कोर्लईची वाट धरतात.

हे कोणी लिहिलं? तहाची बाजू दोन ठिकाणी सापडते. पोर्तुगीज पत्रव्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारात, मराठी बाजू पुण्याच्या पेशवे दफ्तरात, मोडीत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून ही दोन्ही टोकं जुळवली, म्हणून ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ आज मराठीत वाचता येतं. कोर्लईच्या लोकांनी मात्र आपला दस्त कागदावर ठेवला नाही, तोंडात ठेवला. तो वाचायचा तर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं लागेल.

1571

जूनचा पाऊस. तुम्ही चिखलात आहात, निजामशाही मोर्चात, आणि अंगावरचं घोंगडं पाण्याने जड झालंय. समोर पोर्तुगीज वस्ती आहे. अख्ख्या वस्तीभोवती अजून तट नाही. किल्ला आहे, आणि त्याच्या बाहेर घराघरांच्या भिंती जोडून, मठांच्या आडोशाने उभे केलेले मोर्चे. तोफेचा गोळा एखाद्या चर्चच्या भिंतीत शिरतो तेव्हा आधी धूळ उठते, मग आवाज येतो.

सहा वर्षांपूर्वी राक्षसतागडीला विजयनगर बुडालं. त्या लढाईत एकत्र आलेल्या सुलतानांनी आता समुद्राकडे मोहरा वळवला आहे. आदिलशहा गोव्यावर, मुर्तझा निजामशहा चौलवर, तिकडे मलबारात झामोरिन चालियमवर. कारण साधं आहे. दख्खनला घोडा हवा, घोडा येतो समुद्रावरून, आणि समुद्रावर पोर्तुगीजांच्या परवान्याशिवाय गलबत हाकता येत नाही. 1521 साली याच निजामशाहीने, बुऱ्हाणशहाने, पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधू दिला होता. त्याही आधी, 1508 साली, याच खाडीच्या मुखाशी इजिप्तच्या आरमाराने दीवच्या मलिक अयाझच्या साथीने पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या मुलाला, लोरेन्सो द अल्मेडाला, गाठून मारलं होतं. या चिंचोळ्या पाण्यासाठी किती दूरदूरचे लोक जिवावर उदार झाले, ते बघून ठेवा.

रात्री मोर्चात कुजबुज सुरू होते. कोणीतरी अंधारातून आत चाललंय आणि पाठीवर ओझं आहे. पहारा दुसरीकडे बघतो. इतिहासकार फरिश्ता पुढे सरळ लिहील की निजामशाही सरदारांना पोर्तुगीजांनी भेटी देऊन, त्यातही मद्य देऊन फोडलं, आणि वेढ्यातल्या शहराला रसद मिळत राहिली. पोर्तुगीज बखरकार मात्र लिहितील शौर्य, चमत्कार आणि शत्रूचे प्रचंड आकडे. जुलैत तह होतो. वेढा उठतो. त्यानंतर मात्र पोर्तुगीज शहाणे होतात आणि अख्ख्या वस्तीला तट घालतात. तुमची एसटी ज्यातून आत आली तो.

दोन्हीकडच्या बखरी वाचा. वरच्या चौलमध्ये, तोफांच्या आवाजाच्या टप्प्यात, रेशीम विणणाऱ्यांचे माग होते. चौलचं रेशीम परदेशी प्रवाशांनी वाखाणलेलं. वेढ्याच्या त्या महिन्यांत सूत कुठून आलं, कापड कोणी घेतलं, हे बखरकारांच्या लेखी सांगण्यासारखं नव्हतं. विणकर पुन्हा कागदावर येतात ते पुढच्या शतकात, कंपनी सरकार त्यांना नव्याने वसणाऱ्या मुंबईत आणायला निघतं तेव्हा. बंदर बुडालं की माणसं अशीच सरकतात, आणि मुंबई अशा सरकलेल्या माणसांवरच उभी राहिली आहे. चौलच्या ऱ्हासाचं अर्धं उत्तर खाडीतल्या गाळात आहे, अर्धं मुंबईच्या गोदीत.

1469 च्या सुमारास

पोर्तुगीज नाहीत. युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून इथे येता येतं हे अजून कुणाला ठाऊक नाही. राज्य बहामनींचं आहे. होर्मुझहून आलेलं गलबत खाडीत नांगरलंय आणि घोडे उतरवायचं काम चाललंय.

हे जवळून बघण्यासारखं आहे. सहा आठवडे बांधून ठेवलेलं जनावर, डोळे पांढरे झालेले, आयाळीत मीठ सुकलेलं. पोटाखालून पट्टा घालून त्याला पाण्यात सोडतात. पाय वाळूला लागतात आणि तो उभा राहतो, पण मांड्या थरथरत असतात. मग एकदम अंग झटकतो आणि आजूबाजूचे सगळे भिजतात. पोरं खिदळतात.

घोड्याचा मालक गोरा, दाढीवाला, तांबूस केसांचा. पोरांचं लक्ष घोड्यावरून त्याच्याकडे जातं. मग बायांचं, मग बाजारातल्या रिकामटेकड्यांचं. तो चालतो तशी गर्दी त्याच्यामागे चालते. तुम्हीही चालता.

हा अफानासी निकितिन, व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. वाटेत लुटला गेला, कर्जात बुडाला, म्हणून घरी तोंड दाखवण्यापेक्षा पुढे जात राहिला. हा घोडा त्याला शंभर रूबलला पडलाय आणि त्याच्यावर त्याची सगळी भिस्त आहे. इथून तो पालीमार्गे जुन्नरला जाईल. तिथला असदखान घोडा काढून घेईल आणि धर्म बदलशील तर परत देतो म्हणेल. एक खोरासानी खोजा मध्ये पडून त्याला सोडवेल. पुढे बिदरपर्यंत फिरून तो परतीला लागेल आणि घर गाठण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ मरेल. त्याची वही मात्र पोचेल. तीन समुद्रांपलीकडच्या या प्रवासवर्णनात आपलं चौल आहे: उघड्या अंगाचे लोक, एकाच वेणीत बांधलेले केस, पुष्कळ मुलं, आणि जिथे जावं तिथे गोऱ्या माणसाकडे आश्चर्याने बघत मागे येणारा जमाव.

त्या जमावात तुम्ही होता. रेवदंड्यात आज एका शाळेच्या आवारात निकितिनचा स्मारकस्तंभ आहे. त्याच्यावर 1957 साली ‘परदेसी’ नावाचा भारत-सोव्हिएत चित्रपटही निघाला. त्याला बघायला जमलेल्यांचा स्तंभ कुठे नाही. पण त्याच्या वहीत चौलकर आहेत, बिननावाचे का होईना, कुतूहलाने माना उंचावलेले. एवढ्या शतकांत चौलच्या साध्या माणसाचं इतकं खरं चित्र दुसऱ्या कुणी काढलेलं नाही.

916

जाताना आक्षीला क्षणभर थांबा. तिथला शिलालेख, ज्याच्यावर शिलाहार राजा केशिदेवाचं नाव आहे, शके 934 म्हणजे इ.स. 1012 चा असल्याचं वाचलं जातं, आणि म्हणून तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत मोजतात. काही अभ्यासक त्याचा काळ आणखी पुढचा धरतात. वाद असू द्या. तुमच्या गावापासून एसटीने थोड्या अंतरावर मराठी अक्षरं दगडात उतरली, एवढं आज पुरे.

त्याच्याही खाली आलात की हिजरी सन 304 लागतं. बंदराला अरब सैमूर म्हणतात. धक्क्यावर काथ्याने शिवलेली जहाजं आहेत, एक खिळा नाही. फळीला फळी दोरीने टाचलेली, सांध्यांना तेल चोपडलेलं. माशाच्या तेलाचा वास नाकात बसतो. सागवान इथून जातं, खजूर आणि घोडे तिथून येतात. बगदादहून आलेला एक विद्वान, अल्-मसूदी, लोकांना प्रश्न विचारत फिरतोय. तुम्हालाही विचारतो: राजा कोण? तुम्ही सांगता, झंझ. शिलाहारांचा झंझ, मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचा मांडलिक.

मसूदी लिहून घेतो. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले, ज्यांना बयासिरा म्हणतात. त्यांचे तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवतो. त्याच्या पदाला हुनरमन म्हणतात, त्याची नेमणूक राजा करतो, आणि सध्या त्या पदावर अबू सईद मारूफ बिन जकरिया आहे.

इथे थबका. हा मारूफ चौलचा रहिवासी आहे. गावातल्या लोकांची भांडणं मिटवणारा, राजाशी बोलणी करणारा, आजच्या भाषेत वॉर्डाचा पुढारी. अकराशे वर्षांपूर्वीच्या या माणसाचं नाव, बापाच्या नावासकट, शिल्लक आहे. का? एका पाहुण्याने ‘इथलं कोण बघतं?’ असं विचारलं आणि उत्तर टिपून ठेवलं म्हणून. स्थानिक इतिहासाची पद्धत याहून वेगळी काही नाही.

दुसरं शतक

शेवटचा थर. इथे तुम्हाला चौल सोडून साष्टीच्या डोंगरात यावं लागेल, कान्हेरीला. चौलला या काळातल्या विटा मिळतात, खापरं मिळतात, भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे मिळतात. पेरिप्लस हे सागरमार्गाचं टिपण लिहिणारा ग्रीक नावाडी कल्याणच्या पुढचं बंदर म्हणून सेमिल्ला सांगतो, टॉलेमी सिमिल्ला म्हणतो. हेही पाहुणेच. पण कान्हेरीला वेगळी गोष्ट आहे.

छिन्नीचा आवाज येतोय. लेणी अजून कोरली जातायत, खडकात पाण्याची टाकी खोदली जातायत, आणि जे दान देतात त्यांची नावं भिंतीवर कोरली जातायत. ब्राह्मी अक्षरं, एकेक आखून घेतलेली. कारागीर विचारतो, काय लिहायचं? दान देणारा सांगतो: नाव सुलसदत्त, बाप रोहिणीमित्र, गाव चेमुल.

बस्स. पाहुणा नाही, सरकार नाही, बखरकार नाही. चौलचा माणूस स्वतः आपलं नाव सांगतो, गाव सांगतो, आणि पैसे मोजून ते दगडात कोरून घेतो. बाकी थरांत दुसऱ्यांनी लिहिलेलं चौल आहे. इथे चौलने स्वतःविषयी लिहिलेली ओळ आहे, आणि ती सर्वांत खालच्या थरात आहे. त्याचा गाव तेव्हा साऱ्या पश्चिम समुद्रात ठाऊक होता, तरी सुलसदत्ताला ते सांगावंसं वाटलं.

आता तुमचा थर

आमच्याकडे बंदरांच्या इतिहासाची एक खोड आहे. तो येणाऱ्यांचा इतिहास असतो. अरब आले, रशियन आला, पोर्तुगीज आले, इंग्रज आले. राहणारे कायम पार्श्वभूमीला. यात परक्यांचा दोष नाही. त्यांनी लिहिलं म्हणून निदान एवढं तरी हाती लागलं. शां. वि. आवळसकरांसारख्यांनी ‘आंग्रेकालीन अष्टागर’ लिहून दाखवलं की मोडी कागदांत इथल्या कुळांचा, वाड्यांचा, सारा-पट्टीचा इतिहास खच्चून भरलेला आहे. कोकणातल्या किती बंदरांच्या वाट्याला असं पुस्तक आलं?

तेव्हा लिहायला बसाल ते पोर्तुगीजांपासून सुरू करू नका. ते काम झालेलं आहे. घरातली ट्रंक उघडा. वाटणीपत्र, गहाणखत, इनामाची सनद, मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याला दाखवा. राज्याचं पुराभिलेख खातं मुंबईत आणि पुण्यात आहे आणि अर्ज केला की कागद बघायला मिळतात. तलाठ्याकडचे जुने फेरफार बघा, वाड्यांची नावं त्यांत सापडतील. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघा. कोळीवाड्यात जुन्या मचव्यांची नावं विचारा, आणि ते कुठल्या बंदराला काय घेऊन जायचे तेही. सिनेगॉगच्या आवारात जा. इथल्या बेने इस्रायली कुटुंबांपैकी बरीच आज इस्रायलमध्ये आहेत, पण चेऊलकर हे आडनाव त्यांनी सोबत नेलं आहे. कोर्लईच्या म्हाताऱ्यांचं बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. सांगणाऱ्याचं नाव, वय, तारीख आणि जागा प्रत्येक टिपणावर घाला, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. हे काम विद्यापीठाने करायची वाट बघू नका. ज्यांना विचारायचं ती माणसं तोवर थांबणार नाहीत.